आधी टकळी, मग चरखा : गोव्यात हातकताईची कार्यशाळा कशी घ्यावी

फोंड्याकडच्या एका जुन्या घराच्या राजांगणात, म्हणजे आतल्या चौकात, आम्ही पाच-सहा जणी मिळून दरवर्षी दिवाळीनंतर हातकताईची कार्यशाळा घेतो. पहिल्या वर्षी आम्ही आलेल्या सगळ्यांना थेट पेटीचरख्यापुढे बसवलं. लोक चरखा बघायलाच आले होते, त्यांना वाट कशाला पाहायला लावायची, असं वाटलं. दोन तासांत धागे तुटून तुटून सगळे कंटाळले, दोन चाती (चरख्याच्या टोकदार काड्या, ज्यांवर धाग्याला पीळ पडतो) वाकल्या आणि बहुतेक जण "हे आपल्या हातचं काम नव्हे" म्हणत घरी गेले. त्यांचे हात वाईट नव्हते. आमचा क्रम चुकला होता. चाक फिरवणारा हात आणि तंतू ओढणारा हात असे दोन अनोळखी हात आम्ही एकाच वेळी कामाला लावले होते.

तेव्हापासून आमच्याकडे पहिल्या दिवशी चरखा झाकलेला असतो. पहिला दिवस कापसाचा आणि टकळीचा, म्हणजे हाताने गिरकी देऊन सूत कातायच्या चकतीच्या काडीचा. चरखा दुसऱ्या दिवशी, तोही मध्यंतरानंतर. हा क्रम का आणि प्रत्येक टप्प्यावर काय करायचं, ते इथे सांगते. तुमच्या गावात पाच-दहा जण जमत असतील तर एवढ्यावर कार्यशाळा उभी राहते.

वेळ आणि जागा

कापूस हवेप्रमाणे वागतो आणि गोव्याची हवा दमट. थोडा ओलावा कापसाला मानवतो. ओला सुती धागा कोरड्यापेक्षा मजबूत असतो, त्यामुळे कोरड्या एसीच्या खोलीत धागा जास्त तुटतो. पण जुलैत पेळूच, म्हणजे कातायला वळलेली कापसाची सुरळीच, दमट होतो. तंतू एकमेकांना चिकटतात, सरकत नाहीत, ओढलं की गठ्ठाच हातात येतो. एप्रिल-मेमध्ये हाताला घाम, म्हणून तेही नको. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. सकाळी साडेनऊ ते साडेबारा, असे लागोपाठचे दोन रविवार घ्या. मधला आठवडा घरी सरावाला मिळतो आणि तो फार उपयोगाचा ठरतो.

पंखा बंद ठेवावा लागतो. पिंजलेला कापूस वाऱ्याच्या झुळकीनेही उडतो. म्हणून वरून उजेड येणारी, भिंतींमुळे वारा अडलेली जागा हवी. राजांगणाभोवतीची पडवी त्यासाठी उत्तम. देवळाची अग्रशाळाही (भाविकांच्या मुक्कामाची जागा) चालते, फक्त समारंभाचा दिवस नाही ना ते आधी विचारून घ्या. बसायला चटया, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी बिनहाताच्या खुर्च्या. हाताच्या खुर्चीत कोपर अडतं आणि धागा लांब ओढता येत नाही.

बारापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. चौघांमागे एक शिकवणारी हवी. हे काम बोलून कळत नाही. शेजारी बसून, समोरच्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून सांगावं लागतं.

काय जमवायचं

गोव्यात कापूस पिकत नाही. आमचा कापूस हुबळी-धारवाडकडून येतो. घाट चढून रेल्वेने हुबळीला गेलात तर बेंगेरीचा खादी संघही बघून या. १९५७ साली सुरू झालेल्या त्या संस्थेत राष्ट्रध्वज तयार होतो. विदर्भात कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडून सरकीसकट कापूस मागवा, कुरियरने सहज येतो.

नवशिक्यासाठी तंतूची लांबी २५ ते २८ मिलिमीटर असावी. मोजायला सोपं आहे. सरकीवरून चिमूटभर तंतू ओढा, काळ्या कापडावर सरळ पसरा आणि शेजारी पट्टी ठेवा. लांबी २० मिलिमीटरच्या खाली असेल तर तो कापूस जाणत्या हातासाठी ठेवा.

दोन प्रकारचा कापूस लोक हमखास घरून घेऊन येतात. एक औषधाच्या दुकानातला. तो धुवून, मेण काढून पांढरा केलेला असतो आणि त्यातले तंतू आखूड असतात, म्हणून तो कातायला नको. दुसरा उशीत भरायचा सावरीचा कापूस. त्याला ओढून दाखवा, कारण त्यातून कताईचं मर्म कळतं. शेतातल्या कापसाचा तंतू बोंड उकललं की सुकतो, चपटा होतो आणि फितीसारखे नैसर्गिक वळसे घेतो. या वळशांमुळेच एक तंतू दुसऱ्याला धरून राहतो. सावरीचा तंतू गुळगुळीत नळीसारखा असतो, त्याला वळसे नसतात. कितीही पीळ द्या, तो निसटतो.

माणशी ३० ग्रॅम सरकीसकट कापूस, १५ ग्रॅम तयार पेळू, एक टकळी, एक पेन्सिल, मांडीवर घ्यायला काळ्या कापडाचा तुकडा आणि टकळीचं टोक टेकवायला नारळाची करवंटी. काळं कापड विसरू नका. पांढऱ्या साडीवर किंवा लेंग्यावर पांढरा तंतू दिसत नाही आणि न दिसणारी चूक सुधारत नाही. करवंटी घासून गुळगुळीत करा आणि खाली फडक्याची चुंबळ ठेवा, म्हणजे ती डुगडुगत नाही. वाटीपेक्षा करवंटी बरी, कारण टकळीचं टोक तिच्यात आपोआप मधे येतं आणि आवाज होत नाही.

टकळ्यांची तपासणी आदल्या दिवशी करा. खाऱ्या हवेत पोलादी काडी लवकर गंजते आणि गंजाचा डाग सुतावरून निघत नाही. बारीक पॉलिश पेपरने काडी घासा, कोरड्या फडक्याने पुसा, तेल लावू नका. मग टकळी काचेवर आडवी ठेवा, चकती काठाबाहेर राहू द्या आणि काडी लोळवून पाहा. उड्या मारत लोळली तर वाकलेली आहे. वाकडी टकळी नवशिक्याच्या हातात देऊ नये, कारण दोष टकळीचा असतो आणि ती व्यक्ती तो स्वतःवर घेते.

पहिला दिवस : सरकीपासून पेळूपर्यंत

सुरुवात सरकी काढण्यापासून. पोळपाटावर थोडा कापूस ठेवा आणि पेन्सिलीएवढ्या जाडीची लोखंडी सळई दाबून पुढे लोटा. सरकी सळईपुढे निसटून बाहेर पडते, कापूस मागे राहतो. ३० ग्रॅमांतून साधारण १० ग्रॅम कापूस आणि २० ग्रॅम सरकी निघते. हे वजन सगळ्यांसमोर काट्यावर करा. एका सदऱ्यामागे किती बोंडं असतात, ते त्या काट्यावर दिसतं. वीस मिनिटं पुरेत. सगळा कापूस संपवायचा हट्ट धरू नका.

मग पिंजणं. गादी भरायला येणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणटण आवाज ज्यांनी लहानपणी ऐकला आहे, त्यांना हे समजावायला लागत नाही. तात, म्हणजे धनुकलीची ताणलेली दोरी, कापसावर थरथरते आणि गुठळ्या सुटून तंतू मोकळे होतात. धनुकलीला जागा लागते आणि सवयही लागते. आम्ही बारीक तारांचे दोन चपटे ब्रश वापरतो. एका ब्रशवर सुपारीएवढाच कापूस पसरवा, दुसरा वरून हलकेच ओढा. तारांत तारा रुतवायच्या नाहीत, टोकांनी फक्त विंचरायचं. चार-पाच वेळा ओढलं की ढगासारखा थर होतो. ज्यांना दमा आहे त्यांनी नाकावर रुमाल बांधावा किंवा हा भाग लांबून पाहावा.

तो थर अलगद उचलून पेन्सिलीभोवती गुंडाळा, हाताने एकदाच लोळवा आणि पेन्सिल काढून घ्या. झाला पेळू. लांबीला वीतभरापेक्षा कमी, जाडीला करंगळीएवढा. पारख अशी : टोकाला दोन बोटांनी धरून हलकेच ओढा. तंतू चुपचाप सरकत आले तर चांगला. 'करर' असं जाणवलं तर घट्ट वळला आहे, उलगडून पुन्हा वळा. हातात धरतानाही लहान पक्ष्याला धरावं तसा धरा. मुठीत आवळलेल्या पेळूतून कोणालाही धागा काढता येत नाही.

टकळीआधी नुसती बोटं

या अर्ध्या तासासाठी मी सगळ्यात जास्त भांडते, कारण इतरांना तो वाया गेलेला वाटतो. टकळी बाजूला ठेवायची. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने टोकाचे थोडे तंतू धरून पीळ द्यायचा आणि देता देता ओढायचं. वीतभर धागा होईपर्यंत.

मग दोन गोष्टी करून पाहायच्या. पीळ न दिलेला तंतूंचा पट्टा ओढा, तो अलगद दुभंगतो. पीळ दिलेला ओढा, तो बोटाला काचतो. कापूस तोच. तंतू एकमेकांवर दाबले गेले, एवढाच फरक. आता धाग्याचा जाड आणि बारीक भाग शेजारी शेजारी पाहा. पीळ धावतो तो बारीक भागाकडे. जाड भाग तसाच फुगीर आणि सैल राहतो. सूत कातताना पुढे जे काही बिघडतं, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतून येतं.

मागच्या वर्षी सत्तरी तालुक्यातून एक आजी नातीला सोडायला आल्या होत्या. बाकावर बसून बघत होत्या. मी म्हटलं, "आजी, तुम्हीपण बसा ना." म्हणाल्या, "मला कुठलं येतंय बाय, मी आपली देवाच्या वाती वळते." मी एक पेळू त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने बोटं जराशी ओली केली, तंतू सोडवले, ओढले आणि बघता बघता हातभर धागा काढला, मधे एकही गाठ नाही. पन्नास वर्षं वाती वळून तंतू कधी सोडायचा आणि कधी धरायचा हे त्या बोटांना पाठ झालं होतं. नात तोंडाकडे बघत राहिली. तेव्हापासून मी कार्यशाळेत पहिला प्रश्न हाच विचारते : घरी वाती कोण वळतं? जे हात वर होतात, त्यांना मी इतरांच्या शेजारी बसवते.

टकळीवर

टकळीच्या काडीला, चकतीच्या लगेच वर, आधीच कातलेला हातभर धागा बांधा. तो काडीभोवती दोन वेढे देऊन वर न्या आणि टोकाच्या आकड्यात अडकवा. मोकळं टोक पेळूच्या तंतूंवर दोन बोटं पुढे ठेवा आणि तिथे चिमटीत धरा.

टकळी करवंटीत उभी. उजव्या अंगठ्याने आणि बोटांनी तिला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गिरकी द्या. दिशा कोणतीही चालते, पण एकदा धरलेली बदलायची नाही, नाहीतर दिलेला पीळ उलगडून धागा सुटतो. सगळा गट एकाच दिशेने फिरवेल असं पाहा, म्हणजे एकमेकांची सुतं पुढे एकत्र वापरता येतात.

पहिल्या तासात फिरवणं आणि ओढणं एकाच वेळी करू नका. गिरकी द्या, धाग्यात भरपूर पीळ साठू द्या. चिमूट घट्ट, म्हणजे पीळ पेळूत शिरत नाही. मग टकळी थांबवून गुडघ्यांत धरा. आता दोन्ही हात मोकळे. उजव्या चिमटीने धागा धरा, डावा हात पेळूसकट सावकाश मागे न्या. दोन हातांतलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा जास्त हवं. त्याहून कमी असेल तर एकाच तंतूची दोन टोकं तुम्ही दोन हातांनी धरलेली असतात आणि तो सरकणार कसा? तंतू विरळ झाले की उजवी चिमूट सोडा. साठलेला पीळ सरसर पुढे धावतो आणि डोळ्यांसमोर कापसाचा धागा होतो. नवीन माणसाच्या तोंडून इथे काहीतरी आवाज निघतोच. जरा थांबा, त्यांना तो क्षण घेऊ द्या.

हातभर धागा झाला की गुंडाळण्याआधी आणखी चार-पाच गिरक्या द्या. कापसाचा तंतू आखूड असल्याने त्याला पीळ जास्त लागतो. लोकर कातून आलेल्यांचा धागा इथे नेमका कमी पडतो. पारख : धागा जरा सैल सोडा. हळूच स्वतःभोवती वळला तर बरोबर. गुंतवळ होऊन कडक गाठी पडल्या तर पीळ जास्त, नुसता लोंबत राहिला तर कमी. मग आकड्यातून सोडवून चकतीलगत गुंडाळा, खाली रुंद आणि वर निमुळतं. पोट भरलेली टकळी नीट फिरते, डोक्याशी जड झालेली डुलते.

धागा तुटणारच. गाठ मारू नका. तुटलेल्या टोकाचा पीळ बोटभर उलगडून त्याचा पिसारा करा, पेळूचे मोकळे तंतू त्यावर ठेवा आणि पुन्हा पीळ जाऊ द्या. हा जोड दहा वेळा मुद्दाम तोडून करायला लावा. तुटण्याची भीती गेली की मूठ आपोआप सैल होते.

तीन तासांत पाच-सात मीटर झाले तरी पुष्कळ. त्यात डोंगर-दऱ्या असतील. घरी जाताना प्रत्येकाला टकळी आणि उरलेले पेळू द्या आणि एकच सांगा : रोज वीस मिनिटं. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं हाताला जास्त शिकवतात. पेळू घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला सांगा. पावसाळ्यात मी डब्याच्या तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवते.

दुसरा दिवस : चरखा

आठवड्याने आलेल्या हातांत फरक दिसतो. पहिला तास टकळीवरच घ्या, आता टकळी फिरती ठेवून ओढायला सांगा. मध्यंतरात चहा झाला की चरख्यावरचं कापड काढा.

पेटीचरखा गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात १९३० च्या सुमारास घडवत नेला. त्याआधी १९२९ मध्ये चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीसही जाहीर झालं होतं. मोठं चाक लहान चाकाला फिरवतं, लहान चाक माळेने, म्हणजे चाकावरून गेलेल्या दोरीने, चातीला. म्हणून मुठीच्या एका फेऱ्यात चात कितीतरी वेळा फिरते. वेग मिळतो तो असा, आणि नवशिक्याला नको असतो तोही हाच.

आधी पेळू न घेता चाक फिरवायला लावा, पाच मिनिटं, एका लयीत. मग चातीला बांधलेला धागा घ्या. कातताना धागा चातीच्या टोकावरून तिरपा निघतो आणि प्रत्येक फेऱ्याला टोकावरून 'टिक' करून घसरतो. त्या घसरण्यातून पीळ पडतो. उजवा हात चाक फिरवतो, डावा हात पेळू घेऊन मागे जातो, खांद्यापासून, मनगटापासून नव्हे. हात पुरेपूर मागे गेला की थांबा, चाकाचे दोन-तीन फेरे पिळासाठी द्या. मग चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवा, धागा चातीशी काटकोनात आणा आणि सुलट फिरवून गुंडाळा. हे उलटं फिरवणं सगळे विसरतात. विसरलं की टोकाशी धागा अडकून तुटतो.

चाक फिरतं पण चात फिरत नाही, अशी तक्रार आली तर माळ बघा. सुती माळ दमट हवेत आखडते आणि कोरड्यात सैल पडते. सैल माळेला मेण लावलं तर पकड येते. चातीच्या आधाराशी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, टोकाला तेल लागू द्यायचं नाही.

सूत मोजणं आणि धुणं

कातलेलं सूत फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या चौकटीवर, उतरवा. फाळका नसेल तर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळा आणि एका वेढ्याची लांबी मोजून वेढ्यांनी गुणा. जुन्या खादीच्या हिशेबात चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लट, चार लटींची एक गुंडी. आता गुंडी १००० मीटरची धरतात.

सुताचा अंक (सूत जितकं बारीक, तितका मोठा) काढायला सोनाराचा छोटा काटा पुरतो. एका ग्रॅममध्ये किती मीटर सूत आहे ते काढा आणि ०.५९ ने गुणा. समजा १० ग्रॅम सूत २०० मीटर भरलं. ग्रॅमला २० मीटर, म्हणजे सुमारे १२ अंकाचं सूत. पहिल्यांदा कातणाऱ्याचं सूत ६ ते १० अंकाच्या आसपास निघतं. अंक वाढवायची घाई नको, आधी सगळीकडे सारखी जाडी येऊ दे. इथे कुणबी कापडाची आठवण निघते आणि त्याच्या तांबड्या चौकड्या आपल्या सुतात विणता येतील का, असं कोणी ना कोणी विचारतं. बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, हे पहिलं सूत चालेल, ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, नाही. ताण्याला ओढ सोसावी लागते.

गुंडी चार ठिकाणी सैल बांधा. पातेल्यात पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून मंद आचेवर तासभर उकळा. पाणी चहासारखं तांबूस होतं, कारण कापसावरचं नैसर्गिक मेण आणि मळ सुटतो. हे मेण गेल्याशिवाय सूत रंगही धरत नाही. स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत दोरीवर टाका आणि खालच्या टोकाला रिकामी पाण्याची बाटली अडकवा, तेवढं वजन पीळ बसायला पुरे.

वाळलेल्या गुंडीला एक चिठ्ठी बांधा : तारीख, वजन, मीटर, अंक. सत्तरी तालुक्यातल्या त्या आजींनी आपल्या सुताला चिठ्ठी बांधू दिली नाही. नातीकडून वडाला सात वेढे पुरतील का ते मोजून घेतलं आणि सूत पदराच्या गाठीत बांधून नेलं.